याला बेट म्हणू नका

माझ्या पुतण्यानं दोन वर्षांपूर्वी एक जुनी होडी घेतली. आधी मासेमारीसाठी वापरली. मग त्याच्या ध्यानात आलं, की माशापेक्षा माणूस जास्त पैसे देतो. त्यानं मोबाईलवर जाहिरात टाकली : 'मुळशीच्या दुर्गम बेटावर एक दिवस. अस्पर्श निसर्ग, खरं गाव, चुलीवरचं जेवण. माणशी नऊशे रुपये.'

मला म्हणाला, "तात्या, तुम्ही नुसते बरोबर चला. पाव्हणे काय काय विचारतात, मला सांगता येत नाही. तुम्हाला सगळं माहीत आहे."

मी गेलो. मे महिन्यातला रविवार होता. दिवसभर त्यांच्याबरोबर फिरलो, जेवलो, संध्याकाळी माघारी आलो, आणि रात्रभर मला झोप आली नाही. त्या जाहिरातीत तीन शब्द आहेत. दुर्गम, बेट आणि अस्पर्श. तिन्ही खोटे आहेत. माझं शिक्षण दहावीपर्यंत. पण खोटं ओळखायला कॉलेजात जावं लागत नाही. हे तीन शब्द खोटे का आहेत, एवढंच मला इथं सांगायचं आहे. कुणाला राग आला तर येऊ दे. पुतण्याला आलाच आहे.

पाव्हणे अकरा होते. पुण्याचे, बाणेर-कोथरूडकडचे. दोन कुटुंबं, चार नोकरीवाली पोरं आणि एक रिटायर झालेले गुरुजी. माणसं चांगली होती, हे आधीच सांगतो. कुणी दारू आणली नव्हती, कुणी गाणी लावली नाहीत. कचरासुद्धा त्यांनी पिशवीत भरून परत नेला. तेव्हा माझं भांडण त्यांच्या वागण्याशी नाही. चांगली माणसंसुद्धा खोट्या शब्दावर विश्वास ठेवून येतात, आणि आम्हीच तो शब्द त्यांना विकतो, याच्याशी माझं भांडण आहे.

पौड मागं टाकून ताम्हिणीकडं निघालं, की उजव्या हाताला पाणी दिसायला लागतं. तिथंच खाली उतरून होडीत बसायचं. सकाळची वेळ, वारं पडलेलं. पाणी बरंच खाली गेलं होतं, त्यामुळं काठाला लाल मातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता. पलीकडचा डोंगर पाण्यात उतरलेला. बघायला झकास, यात वाद नाही. एक पोरगी म्हणाली, "काका, हे अगदी परदेशासारखं वाटतं. ते समोरचं बेट ना?"

मी म्हणालो, "बेट नाही बाई. तो डोंगराचा उतार आहे. खालचं गाव बुडालं, म्हणून माणसं वर सरकली."

ती म्हणाली, "पण तीन बाजूंनी पाणी आहे की."

आहे. पण पाणी कुणी आणलं, ते विचारायला नको?

माझा आजा १९२१ साली पंधरा-सोळा वर्षांचा होता. मी दहावीला जायच्या आधी तो वारला, पण त्याच्या तोंडून ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे, की मीच तिथं होतो असं कधी कधी वाटतं. १६ एप्रिल १९२१. रामनवमी होती. त्या दिवशी मुळशीच्या सत्याग्रहाला तोंड लागलं. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनी धरण बांधत होती. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज पाहिजे होती. त्यासाठी मुळशी पेट्यातल्या पन्नासएक गावांची जमीन जाणार होती. ही जमीन म्हणजे माळरान नव्हे. खाली नदीकाठाला आंबेमोहोर पिकायचा. आजा म्हणायचा, भात शिजला की चार घरं पलीकडं वास जायचा.

मावळ्यांची घोषणा होती, जान किंवा जमीन. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्यानं दिली. बरोबर विनायकराव भुस्कुटे होते, शंकरराव देव होते. गांधीजींनी 'यंग इंडिया'त मावळ्यांच्या बाजूनं लिहिलं. काम सहा महिने थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. सरकारनं १८९४ चा भूसंपादनाचा कायदा लावून जमिनी घेतल्या. मावळे तुरुंगात गेले, बायामाणसंही गेली. १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. लढा संपला. १९२७ साली घाटाखाली भिऱ्याला वीजघर सुरू झालं. पुण्याचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलं, आणि इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातली धरणाविरुद्धची पहिली चळवळ म्हटलं.

जगातली पहिली! आणि आमची पोरं त्या जागेची जाहिरात करताना लिहितात, 'बेट'.

बेट देव घडवतो, नाहीतर समुद्र घडवतो. हे कायद्यानं घडवलेलं आहे. त्याला बेट म्हटलं, की कायदाही पुसला जातो, लढाही पुसला जातो, आणि खालची खाचरंही. मग राहतं काय? फोटो.

होडी पलीकडं लागली. उतरल्यावर पाण्याच्या कडेनं चालत गेलो, तर जोती उघडी पडली होती. उन्हाळ्यात पाणी हटलं, की ती दिसतात. घडीव दगडाच्या रांगा, एखादी पायरी, गोठ्याची जागा. एका जोत्यावर ती चार पोरं बसली आणि एकमेकांचे फोटो काढायला लागली. एकाचा बूट एका खोलगट दगडात होता. त्या पोरीनं विचारलं, "काका, हा दगड असा का कोरलाय?"

मी म्हणालो, "ते उखळ आहे. कांडायचं."

"म्हणजे हे कुणाचं तरी घर होतं?"

"हो. तुम्ही बसलाय ती ओटी."

चौघंही गप उठली. एकानं उखळातली माती हातानं बाजूला केली. त्याला काय करावं ते समजेना, म्हणून त्यानं केलं असावं. मला त्या पोराचं बरं वाटलं. जाहिरातीत 'बेट' लिहिलं नसतं, 'बुडालेलं गाव' लिहिलं असतं, तर ती पोरं बूट काढून आली असती. आपली पोरं वाईट नाहीत. त्यांना आपण सांगत नाही.

आता दुसरा शब्द. दुर्गम.

त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. छापलं तर पुढच्या शनिवारी चाळीस गाड्या काठाला लागतील. पण त्या गावाचा आणि माझा संबंध जुना आहे. माझी थोरली बहीण तिथं दिली होती.

आजा सांगायचा, धरणाआधी अलीकडचं आणि पलीकडचं गाव म्हणजे एकच शेजार. मध्ये नदी. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून पलीकडं जायचं. इकडं कुणी मेलं तर तिकडची माणसं मातीला यायची, आणि दुपारी आपल्या घरी जेवायला जायची. सोयरिकी होत्या, इर्जिक होती, एकाचा बैल आजारी पडला तर दुसरा आपला द्यायचा. त्या काळात पलीकडचं गाव दुर्गम नव्हतं. नदीच्या पलीकडचं होतं, एवढंच.

पाणी चढलं आणि तेच गाव लांब गेलं. जमीन सरकली नाही, डोंगर सरकला नाही. गावाला लांब केलं. मागच्या डोंगरातून पायवाट होती. आता कच्चा रस्ता झाला आहे, पण पावसाळ्यात तो असून नसल्यासारखा. राहिली होडी.

१९८४ च्या पावसाळ्यात माझ्या बहिणीचे दिवस भरले. दुसरं बाळंतपण. दोन दिवस पाऊस धरून होता, धरणावर वारं सुटलेलं. रात्री कळा सुरू झाल्या आणि मूल आडवं आलं. होडी होती, पण त्या पाण्यात ती घालायला कुणी धजेना. धजायला नकोच होतं, नाहीतर चार माणसं आणखी गेली असती. सकाळी तिला झोळीत घालून डोंगरातून काढलं. सड्यावर पोचेपर्यंत ती गेली. मूल पोटातच राहिलं. आमच्या घरापासून ती सरळ रेघेत किती लांब होती? रात्री तिच्या घरातला कंदील आमच्या अंगणातून दिसत होता. त्या रात्री तो कंदील हलताना मी बघितला होता. काय चाललंय ते आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

हे मी रडायला सांगत नाही. चाळीस वर्षं झाली, रडून झालं. 'दुर्गम' या शब्दाचा अर्थ सांगायला सांगतो. दुर्गम म्हणजे जिथं कंदील दिसतो पण पोचता येत नाही. आणि ही अवस्था जाहिरातीत मिरवायची गोष्ट नाही, कुणीतरी दुरुस्त करायची गोष्ट आहे. पाव्हण्याला दुर्गम म्हणजे मजा, कारण त्याला संध्याकाळी परत जायचं असतं.

बहिणीची थोरली जाऊ अजून आहे. पंच्याहत्तरी ओलांडली. त्या दिवशी जेवण तिच्याच घरी होतं. मी अंगणात शिरलो तसं तिनं डोळ्यावर हात धरून बघितलं आणि म्हणाली, "या भाऊ. लई दिसांनी पाय लागलं."

मी म्हणालो, "आक्का, ही मंडळी तुमचं बेट बघायला आली आहेत."

ती म्हणाली, "बेट? कुटलं बेट? मी लगीन होऊन आले तवा गाव म्हणून आले. बेट झालं त्ये मला कुणी सांगितलं न्हाई."

पाव्हणे हसले. आक्काही हसली. मला हसता आलं नाही.

जेवण चांगलं होतं. तांदळाची भाकरी, माशाचं कालवण, ज्याला मासे चालत नाहीत त्याला पिठलं. शेवटी करवंदं. पण मी सगळा वेळ आक्काच्या सुनेकडं बघत होतो. अकरा पाव्हणे आणि आम्ही, एवढ्या माणसांना पाणी पाहिजे. ती सकाळपासून तीन खेपा खाली जाऊन आली होती. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, आणि उताराची वाट. पाणी धरणातलंच. दारातून बघावं तिकडं पाणीच पाणी, आणि घरात नळ नाही. पाव्हण्यांतल्या एकानं पायाला चिखल लागला म्हणून अख्खी कळशी पायावर ओतली. त्याला माहीत नव्हतं. समोर एवढं मोठं पाणी दिसतंय, तर घरात कमी असेल असं कुणाच्या मनात येईल? सुनबाई काही बोलली नाही. कळशी उचलली आणि चौथ्या खेपेला निघाली. गुरुजींच्या मात्र ते लक्षात आलं. ते उठून तिच्या मागं गेले आणि कळशी स्वतः घेऊन आले. मध्ये दोनदा टेकले. वर आल्यावर बराच वेळ बोलले नाहीत.

हे पाणी जातं कुठं, तेही सांगायला पाहिजे. पूर्वी मुळा पुण्याकडं जायची, मुठेला मिळायची, मग भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी पूर्वेच्या समुद्राला. धरण झाल्यावर बरंचसं पाणी उलटं फिरवलं. ते सह्याद्रीच्या पोटातून खाली भिऱ्याला सोडतात, तिथं वीज होते, आणि पाणी कुंडलिका नदीतून रेवदंड्याकडं पश्चिमेच्या समुद्राला जातं. कोलाडला शहरातली माणसं रबरी होड्यांतून नदीत उड्या मारत जातात, ते भिऱ्याहून सोडलेल्या पाण्यावरच. म्हणजे आमचं पाणी घाटावर बघायलाही तिकीट आणि घाटाखाली खेळायलाही तिकीट. फक्त आक्काच्या सुनेच्या खेपेला कुणी पैसे देत नाही.

विजेचं तसंच. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला विजेवरची पहिली रेल्वे धावली, बोरीबंदर ते कुर्ला. दोन वर्षांत भिऱ्याची वीजही मुंबईला मिळाली. आणि १९८४ साली माझ्या बहिणीच्या घरात कंदील होता. मधली वर्षं तुम्हीच मोजा. मी हे कुणा एकाच्या नावावर घालत नाही. साठ वर्षांत किती सरकारं आली नि गेली, किती साहेब बदलले. पण ज्याच्या जमिनीवर दिवा लागतो, त्याच्या घरात तो सगळ्यांत शेवटी लागतो, ही रीत कुणी पाडली आणि ती अजून का चालते, हे विचारायचा मला हक्क आहे.

आता तिसरा शब्द. अस्पर्श.

जेवण झाल्यावर पाव्हण्यांना वरच्या बाजूला फिरायला नेलं. तिथून खालचं सगळं पाणी दिसतं. एकजण म्हणाला, "इथं माणसाचा हातच लागलेला नाही. म्हणून इतकं सुंदर आहे."

मी त्याला उभं केलं आणि दाखवलं. "हा उतार बघा. पायऱ्या दिसतात का? गवतानं झाकल्यात. ह्या नाचणीच्या आणि वरईच्या जागा. खालची भाताची जमीन गेली, तेव्हा माणसांनी डोंगर कोरून ह्या केल्या. इथला एकेक दगड कुणीतरी उचलून ठेवलाय. तो आंबा बघा, तो कुणाचा ते आक्का सांगेल. ते हिरड्याचं झाड कुणाच्या वाट्याला आलं, त्यावरून दोन भाऊ बोलत नाहीत. ही वाट मुरमाची झाली ती गुरांच्या पायांनी. गुरं राखणाऱ्या पोरांच्या पायांनी."

तो बिचारा ओशाळला. पण पुन्हा सांगतो, चूक त्याची नाही. त्याला कुणीतरी विकलं, की तिथं कुणी नव्हतं. कुणी नव्हतं म्हटलं, की पुढचं सगळं सोपं होतं. जिथं कुणी नव्हतं तिथं बंगला बांधता येतो, तंबू ठोकता येतात, कुंपण घालता येतं. 'अस्पर्श' हा शब्द पहिल्यांदा जाहिरातीत येतो आणि मग सातबाऱ्यावर येतो. धरणाच्या वर सरकलेल्या कित्येक वाड्यांत आजही घर आहे, पण घराखालच्या जमिनीचा कागद घरमालकाच्या नावावर नाही. गावठाणाचा प्रश्न तसाच लोंबकळतो आहे. तीन पिढ्या ज्या ओटीवर गेल्या, तिथं नवीन भिंत घालायची तर परवानगी कुणाची, हे माहीत नाही. अशा गावाला अस्पर्श म्हणणं म्हणजे त्याच्या उरल्यासुरल्या हक्कावर पाणी सोडणं.

हे फक्त मुळशीचं नाही. कोयनेच्या शिवसागराच्या काठी तापोळा आहे. त्याला 'मिनी काश्मीर' म्हणतात. तिथंही होड्या आहेत, पाव्हणे आहेत, आणि पलीकडं कांदाटी खोऱ्यातली गावं आहेत, ज्यांना बाजाराला जायचं तर लाँचची वाट बघावी लागते. धरणात बुडालेल्या कोयनाकाठाची माणसं सोलापूर, सांगली, ठाण्याकडं नेऊन टाकली. ती तिकडं उन्हात नि परक्या भाषेत जगली. मागं जे राहिलं त्याला काश्मीर नाव पडलं. काश्मीरला काय वाटत असेल कुणास ठाऊक, पण कोयनेला तिचं स्वतःचं नाव होतं.

आणखी एक गोष्ट मनात सलते. २०२४ च्या जूनअखेरीला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागं एका घरातली पाच माणसं वाहून गेली. बाई आणि लेकरं. फार वाईट झालं. त्यानंतर लगेच जिल्हाधिकाऱ्यांनी हुकूम काढले, धबधबे, धरणं, घाट, सगळीकडं बंदी. मुळशीतही पोलीस उभे राहिले. बरोबर केलं. माणसाचा जीव आहे. पण मला विचारायचं आहे, आमच्या बाया, आमची शाळेची पोरं वर्षानुवर्षं याच पाण्यावरून भरल्या पावसात जात आली, त्यांच्यासाठी असा झटपट हुकूम कधी निघाला? त्यांना बंदी नको होती. त्यांना एक धड होडी पाहिजे होती, अंगात घालायची जॅकेटं पाहिजे होती, आणि रात्री हाक मारली तर येणारा माणूस पाहिजे होता. पाव्हणा बुडाला तर चार दिवसांत कागद हलतो. गाववाला बुडाला तर पंचनामा होतो.

संध्याकाळी परत निघालो. पाव्हण्यांना काठाला सोडलं, त्यांनी पुतण्याला पैसे दिले, मला नमस्कार केला. गुरुजी माझा हात हातात धरून म्हणाले, "आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं." गाड्या गेल्या. मग मी पुतण्याला म्हणालो, "ते तीन शब्द काढ."

तो आधी गप्प बसला. मग म्हणाला, "तात्या, रागावू नका, पण तुमच्या दुःखावर माझी चूल पेटत नाही. नऊ हजार नऊशे आले. डिझेल गेलं, आक्काला जेवणाचे साडेसोळाशे दिले, पोराला मजुरी दिली. तरी चार-साडेचार हजार उरतात. भातात किती उरतात ते तुम्हीच सांगा. 'बुडालेलं गाव' लिहिलं तर कोण येईल? सुट्टीच्या दिवशी माणसं सुतक पाळायला येतात का?"

त्याचं सगळं खोटं नाही. भातात काय उरतं ते मला माहीत आहे. आणि तो मला जे बोलला नाही, तेही मला माहीत आहे. २००६ साली रस्त्याकडेची वीस गुंठे जमीन मीच विकली. मुलीचं लग्न होतं, भाव आला होता. आज तिथं बंगला आहे, बाहेर कुत्रं आहे, आणि मी त्या बांधावरून जायला बिचकतो. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. १९२१ सालीही असंच झालं. इथल्या पुष्कळशा जमिनी पुण्याच्या सावकारांकडं होत्या. मावळा 'जान किंवा जमीन' म्हणत होता तेव्हा सावकारांना चांगला मोबदला मिळाला तर चालणार होतं. लढा फुटला त्यात ह्या फुटीचाही हात होता. आज सावकाराच्या जागी आम्ही आहोत, एवढाच फरक. तेव्हा जमीन विकली गेली, आता तिची गोष्ट विकली जाते, आणि तीही खोटी.

म्हणून पुतण्याला मी धंदा बंद कर म्हणालो नाही, आणि तुम्हालाही येऊ नका म्हणत नाही. जरूर या. पण माझं म्हणणं एवढं आहे.

पलीकडच्या गावांना सरकारी खर्चानं रोजची लाँच पाहिजे, पावसाळ्यात टिकणारी, रात्री आजाऱ्याला नेणारी. ज्या काठावर पाव्हण्यांची होडी लागते तिथं आधी ती लागली पाहिजे. धरणाच्या काठच्या प्रत्येक घरात धरणाचं पाणी नळानं आलं पाहिजे. गावठाणाचे कागद झाले पाहिजेत. आणि सहलीचा धंदा करायचा तर तो ज्यांच्या दारात करायचा त्यांना विचारून, त्यांचा वाटा जेवणाच्या पैशांपुरता न ठेवता. हे झाल्यावर खुशाल तंबू लावा. तोवर दुर्गमपणाचं तिकीट लावू नका. ज्याचा त्रास आहे त्याला त्याचा एक पैसाही मिळत नाही.

पुतण्यानं आठवड्यानं जाहिरात बदलली. 'दुर्गम' काढलं, 'अस्पर्श'ही काढलं. 'बेट' ठेवलं. म्हणाला, "तेवढं राहू द्या तात्या, त्याशिवाय फोन येत नाही." खाली मात्र त्यानं एक ओळ घातली, की बुडालेल्या घरांच्या जोत्यांवर चप्पल घालून बसू नये. आणि आक्काकडं पाण्यासाठी वीस लिटरचे चार कॅन होडीतूनच न्यायला लागला. सुनबाईच्या खेपा तेवढ्या कमी झाल्या. मी त्यावर समाधानी नाही, पण ते लिहून ठेवतो, कारण तेही खरं आहे.

'बेट'वरून आमचं भांडण अजून चालू आहे. तुम्ही कधी आलात, तर त्याच्या होडीत जरूर बसा. पलीकडं उतरल्यावर पहिला जो माणूस भेटेल त्याला गावाचं नाव विचारा. वरचं विचारा, आणि पाण्याखाली गेलेलंही विचारा. दोन्ही नावं तो सांगेल. मग परत गेल्यावर तुमच्या माणसांना त्या नावानं सांगा, की आम्ही अमुक गावाला जाऊन आलो. बेटावर गेलो होतो, असं म्हणू नका.